सख्खा पुतण्या, कायद्याला परका

२०२५च्या फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी ती फोन हातात धरूनच आमच्याकडे आली. चपला काढायच्या आधी तिने व्हॉट्सअ‍ॅपवरचा मेसेज माझ्यासमोर धरला.

"नमस्कार. धाकट्या भावाच्या मुलाला इकडे नोकरी लागली आहे. तो आणि सूनबाई एप्रिलपासून आपल्या सनीव्हेलच्या घरात राहायला येतील. तरी ३१ मार्चपर्यंत घर रिकामं करून द्यावं ही विनंती. काही मदत लागली तर हक्काने सांगा, आपण घरचेच." खाली हात जोडल्याची दोन चित्रं.

मेसेज घरमालकांचा. मराठी गृहस्थ, सत्तरीला टेकलेले, सगळे त्यांना काका म्हणतात, म्हणून मीही इथे तेच म्हणते. मी वकील नाही. बारा वर्षं बे एरियात, म्हणजे कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास, भाड्याने राहिले आणि आता सॅन होजेत माझंही एक छोटं घर भाड्याने दिलेलं आहे. त्यामुळे दोन्ही बाजूंचे कागद माझ्या हाताखालून गेलेत. हे प्रकरण लिहून काढ असं तिचंच म्हणणं होतं. कोण हे ओळखू येईल असे तपशील बदललेत, कायद्याचे मुद्दे जसेच्या तसे आहेत.

ती आणि तिचा नवरा, जोडपं पस्तिशीतलं. १ ऑगस्ट २०२१पासून सनीव्हेलमधल्या दोन बेडरूमच्या टाउनहाउसमध्ये, म्हणजे रो-हाउससारख्या घरात, राहणारं. वर्षाचं लीज संपल्यावर महिन्या-महिन्याने चालू ठेवलेलं. भाडं महिना ३,६०० डॉलर, एकदाही उशीर नाही. मुलगी दुसरीत, शाळा चालत दहा मिनिटांवर. सासू-सासऱ्यांची मार्चची तिकिटं काढून झालेली. मेसेज आला त्याच रात्री नवऱ्याने नवीन घरं शोधायला सुरुवात केली. काकांना एका शब्दानेही विचारलं नाही की जायलाच हवं का.

ही प्रतिक्रिया मला नवीन नव्हती. मी वाढले ती पुण्यात, सदाशिव पेठेतल्या वाड्याच्या दोन खोल्यांत. आमचं भाडं इतकं कमी होतं की मालक ते घेईनासे झाले. भाडं घ्यायचं नाही आणि पुढे थकबाकी दाखवून दावा लावायचा, ही मालकांची जुनी चाल. तिच्यावर बाबांचा उपाय म्हणजे दर महिन्याला मनीऑर्डर करायची, ती 'नाकारली' असा शेरा घेऊन परत आली की पावती पत्र्याच्या डब्यात ठेवायची. तो डबा आमच्याकडे दागिन्यांपेक्षा जपला जायचा. ते झालं जुनं जग, मुंबई भाडे कायदा, १९४७ आणि नंतर १९९९चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा यांचं. त्यात भाडेकरू हलत नाही.

माझ्यानंतरच्या पिढीला ते जग ऐकूनच माहीत. त्यांचं पुणं-मुंबई म्हणजे अकरा महिन्यांचं लिव्ह अँड लायसन्स. मुदत संपली, मालकाने 'निघा' म्हटलं, की निघायचं. राहिलात तर १९९९च्या कायद्याच्या कलम २४ने दुप्पट रक्कम मोजा. या दोघांनी लग्नानंतर पुण्यात तीन वर्षांत तीन घरं बदलली होती. मालकाने सांगितलं म्हणजे जायचं, हे त्यांना पावसाळ्यात छत्री घ्यावी इतकं स्वाभाविक वाटत होतं. कॅलिफोर्नियातला कायदा या दोन्हींच्या मधे कुठेतरी बसतो. तो घर देत नाही आणि ताबडतोब काढूही देत नाही. कारण सांगा म्हणतो, आणि कारण कुठलं चालेल ते तोच ठरवतो. आपल्या गाठीशी असलेले दोन्ही अनुभव इथे फसवतात.

इथे याला 'जस्ट कॉज' म्हणतात. भाडेकरूला काढायला सबळ कारण हवं. मुळात ही शहरांची गोष्ट. बर्कलीच्या नियमांवरच्या खटल्यात १९७६ साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की शहरांना भाड्यावर आणि घराबाहेर काढण्याच्या कारणांवर मर्यादा घालता येतात. सॅन फ्रान्सिस्कोचा भाडे कायदा १९७९चा. ओकलंडच्या मतदारांनी २००२ साली मतदान करून कारणांची यादी आणली, माउंटन व्ह्यूच्या मतदारांनी २०१६ साली. सॅन होजेने २०१७ साली वटहुकूम काढला. याचा परिणाम असा की एल कमिनो रस्त्यावरून गाडी चालवत निघालात तर वीस मिनिटांत भाडेकरूचे हक्क तीनदा बदलतात.

म्हणून पहिला प्रश्न नेहमी पत्त्याचा. पत्रावर लिहिलेला नव्हे, ते घर नक्की कुठल्या शहराच्या हद्दीत येतं तो. हे घर सनीव्हेलचं निघालं. माउंटन व्ह्यूची हद्द जवळच आणि तिथले नियम कडक आहेत. विनादोष काढलं तर पात्र कुटुंबाला तीन महिन्यांच्या बाजारभाड्याइतकी भरपाई मिळते. पण घर पलीकडे असतं तरी उपयोग नव्हता, कारण तो कायदा तीन किंवा जास्त घरांच्या इमारतींना लागू आहे, स्वतंत्र मालकीच्या टाउनहाउसला नाही. सॅन होजेचंही साधारण तसंच. तेव्हा आमचा मुख्य आधार राहिला राज्याचा कायदा. तो २०१९ साली संमत झाला, १ जानेवारी २०२०पासून लागू झाला आणि त्याची मुदत १ जानेवारी २०३०ला संपते.

राज्याचा कायदा म्हणतो, भाडेकरू सलग बारा महिने राहिला की त्यानंतर कारणाशिवाय काढता येत नाही. कारणांचे दोन गठ्ठे आहेत. एकात भाडेकरूचा दोष असतो, म्हणजे भाडं थकवणं, लीज मोडणं, उपद्रव वगैरे. दुसऱ्यात त्याचा दोष नसतो. मालकाला स्वतः राहायचंय, घर भाड्याच्या बाजारातून कायमचं काढायचंय, सरकारचा हुकूम आहे, किंवा घर पाडायचंय वा मोठं काम काढायचंय. दुसऱ्या गठ्ठ्यातलं कारण असलं की मालकाने एक महिन्याचं भाडं तरी द्यायचं, किंवा शेवटच्या महिन्याचं भाडं लेखी माफ करायचं.

हे वाचून ती खूश झाली. मी म्हटलं, थांब. वैयक्तिक मालकीच्या स्वतंत्र घराला, म्हणजे सुटं घर, कॉन्डो (इमारतीतला मालकीचा फ्लॅट), टाउनहाउस यांना, या कायद्यातून सूट आहे. मालक कंपनी नसला म्हणजे झालं. काका काही कंपनी नव्हेत. तिचा चेहरा उतरला.

पण सूट आपोआप मिळत नाही. मालकाने भाडेकरूला लेखी कळवावं लागतं की हे घर भाडेमर्यादेच्या आणि सबळ कारणाच्या कलमांत येत नाही. त्या मजकुराचे शब्दही कायद्यात दिलेले आहेत. १ जुलै २०२० नंतर सुरू झालेल्या भाड्यात तो मजकूर करारातच असावा लागतो.

मग आम्ही लीज काढलं. चौदा पानं, स्टेपल गंजलेली, एका कोपऱ्यावर चहाचा डाग. पान पान वाचलं. कुत्रा पाळायचा नाही, बाल्कनीत कपडे वाळत घालायचे नाहीत, गॅरेजमध्ये फ्रीज ठेवायचा नाही, सगळं होतं. सूट सांगणारा परिच्छेद नव्हता. सगळ्या पानांच्या तळाशी बारीक अक्षरात फॉर्म छापल्याची तारीख होती, २०१७ची. काकांनी आधीच्या भाडेकरूच्या वेळचा फॉर्म कॉम्प्युटरमधून काढला होता, नावं आणि रक्कम बदलली होती, झालं. कायदा लागू झाला त्याच्या तीन वर्षं आधीचा कागद. चार ओळी गाळल्या आणि सूट गेली. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात सगळ्यात महाग पडली ती ही काटकसर.

आता पुतण्या.

मालकाला स्वतः राहायचंय हे कारण कायद्याला मान्य आहे. 'स्वतः'मध्ये कोण कोण, तेही लिहिलंय. मालक, त्याची बायको किंवा नवरा किंवा नोंदणीकृत जोडीदार, मुलं, नातवंडं, आई-वडील, आजी-आजोबा. संपलं. भाऊ नाही, बहीण नाही, भाचा नाही, पुतण्या नाही. मी हे मराठीत वाचून दाखवलं तेव्हा तिच्या नवऱ्याने विचारलं, "अहो, पण सख्खा पुतण्या आहे ना?" आपल्याकडे सख्खा आणि चुलत यात जग इकडचं तिकडे होतं. या यादीला तो फरक ठाऊक नाही. ती रक्ताची रेघ सरळ वर आणि सरळ खाली ओढते. आडवी जातच नाही.

महाराष्ट्राच्या कायद्यातलं कलम १६ या बाबतीत निराळ्या घडणीचं आहे. मालकाची गरज वाजवी आणि प्रामाणिक आहे का हे तिथे न्यायालय पाहतं, आणि जास्त हाल कोणाचे होतील, मालकाचे की भाडेकरूचे, याचंही वजन करतं. कॅलिफोर्नियात हालांचं वजन होत नाही. तुमची मुलगी दुसरीत आहे की बारावीत, याच्याशी त्या कायद्याला देणंघेणं नाही. यादीत बसतं का, कागद बरोबर आहे का, दोनच प्रश्न.

आणि यादीत बसलं असतं तरी आणखी एक अडसर होता. १ जुलै २०२० नंतरच्या करारात, मालक किंवा त्याचे वर सांगितलेले कुटुंबीय राहायला येणार असतील तर भाडं संपवता येईल, असं कलम करारात आधीच असावं लागतं. नाही तर भाडेकरूची लेखी संमती लागते. २०१७च्या फॉर्ममध्ये ते कलम कुठून असणार? नोटिशीचंही तेच. वर्षाहून जास्त राहिलेल्या भाडेकरूला निदान ६० दिवस द्यावे लागतात आणि नोटीस कायद्याने सांगितलेल्या रीतीने पोचवावी लागते. व्हॉट्सअ‍ॅप ही ती रीत नव्हे, हात जोडले तरी.

तरीही तिला काकांना तोंडावर नाही म्हणणं जमेना. "ते गणपतीला आमच्याकडे जेवतात," ती म्हणाली. तिने एक छोटं पत्र लिहिलं, इंग्रजीत, सभ्य. आम्हाला इथेच राहायचं आहे, भाडं वेळेवर देत राहू, तुम्हाला नोटीस द्यायची असेल तर राज्याच्या कायद्याप्रमाणे लेखी द्यावी. पत्राची प्रत ठेवली. मार्चचं भाडं चेकने दिलं आणि चेकचा फोटो काढला. मला बाबांचा पत्र्याचा डबा आठवला.

पुढचा रविवार. सकाळी साडेनऊला दारावर काका आणि काकू. इन्स्पेक्शनसाठी आलोय म्हणाले. मालकाने आत यायला साधारण २४ तास आधी लेखी कळवावं लागतं आणि यायचं ते कामकाजाच्या वेळेत. हे तिला आता माहीत होतं, पण दारात उभ्या असलेल्या काकूंना ते सांगणार कसं? तिने पोहे केले. काकांनी कपाटं मोजली. काकूंनी पोह्यांना नावाजलं आणि जाताना हळूच म्हणाल्या, "तुमचं ग्रीन कार्डाचं चाललंय ना अजून? कशाला गं या भानगडी."

त्या एका वाक्याने घरात दोन दिवस कोणी नीट जेवलं नाही. काकूंच्या मनात काळजी होती की धाक, मला अजून ठरवता आलेलं नाही. पण बे एरियातले असंख्य मराठी भाडेकरू याच भीतीने मुकाट्याने घर सोडतात, म्हणून जरा थांबून सांगते. घर खाली करण्याचा दावा हा दिवाणी दावा असतो, गुन्हा नव्हे. असे दावे दाखल झाल्यावर पहिले ६० दिवस न्यायालयाच्या नोंदी लोकांना खुल्या नसतात, आणि त्या मुदतीत मालक जिंकला नाही तर त्या बंदच राहतात. इमिग्रेशनची माहिती कोणाला देऊ असं धमकावून भाडेकरूला घालवणं कॅलिफोर्नियात बेकायदा आहे. कुलूप बदलून, वीज-पाणी तोडून काढलं तर मालकाला दिवसाला १०० डॉलरपर्यंतचा दंड होऊ शकतो. बाहेर काढायचं ते न्यायालयाच्या हुकमाने आणि शेरीफकरवी, म्हणजे जिल्ह्याच्या पोलीस अधिकाऱ्याकरवी. दाव्याचं उत्तर द्यायला पूर्वी न्यायालयाच्या कामकाजाचे पाच दिवस मिळत, २०२५च्या जानेवारीपासून दहा मिळतात.

मार्चच्या मध्यावर दुसरी नोटीस आली, या वेळी कागदावर, दारावर चिकटवलेली आणि टपालानेही. बहुधा कोणा एजंटला विचारून केलेली. ६० दिवस होते, एक महिन्याच्या भाड्याचा उल्लेख होता. आणि राहायला येणार होता तो आता पुतण्या नव्हता, मुलगा होता. काकांचा मुलगा सिएटलला असतो. तिथे त्याचं स्वतःचं घर आहे.

१ एप्रिल २०२४पासून या कारणाच्या नोटिशीत राहायला येणाऱ्याचं नाव आणि मालकाशी नातं लिहावं लागतं, आणि भाडेकरू त्या नात्याचा पुरावा मागू शकतो हेही लिहावं लागतं. येणाऱ्याने घर रिकामं झाल्यापासून ९० दिवसांत राहायला यायचं आणि निदान बारा महिने सलग तिथेच राहायचं. तसं झालं नाही तर जुन्या भाडेकरूला त्याच भाड्याने घर परत देऊ करायचं आणि सामान हलवण्याचा रास्त खर्चही द्यायचा. जाणूनबुजून फसवलं असेल तर नुकसानीच्या तिप्पट रकमेपर्यंत न्यायालय जाऊ शकतं. (आपल्या १९९९च्या कायद्यात कलम १७ आहे. मालकाने महिन्याभरात घर वापरात घेतलं नाही किंवा वर्षाच्या आत दुसऱ्याला भाड्याने दिलं, तर जुना भाडेकरू परत यायला मागू शकतो. मालकांच्या युक्त्या सगळीकडे सारख्याच असतात, त्यावरची औषधंही.)

तिने उत्तरात दोनच गोष्टी लिहिल्या. करारात मालकाने राहायला येण्याचं कलम नाही आणि आमची संमती नाही. सिएटलच्या घराचा उल्लेख मी मुद्दाम काढायला लावला. जिथे कागद पुरेसा आहे तिथे माणसाला खोटारडा ठरवायची गरज नसते, आणि पुढचा गणपती यायचा होता.

काकांनी मग तिसरा मार्ग धरला. भाडं ३,६००वरून ४,३०० करतो म्हणाले. आसपासच्या घरांचं भाडं तेवढं होतं, त्यात ते खोटं बोलत नव्हते. पण सूट गेली होती ती दोन्ही कलमांतून गेली होती. भाडेवाढीला मर्यादा वर्षाला पाच टक्के अधिक महागाईचा दर, आणि काही झालं तरी दहा टक्क्यांच्या वर नाही. दहा टक्के धरले तरी ३,९६० होतात.

काकांचा संताप मला समजतो. माझंही घर भाड्याने आहे. त्यांनी हे टाउनहाउस नव्वदच्या दशकात हप्ते भरून घेतलं, दोन नोकऱ्या करून. 'माझंच घर, माझाच पुतण्या, आणि मला परवानगी?' असं त्यांनी मला फोनवर विचारलं. त्यांच्या जागी मीही चिडले असते. फक्त एक गोष्ट मी त्यांना बोलून दाखवली नाही, इथे लिहिते. कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी १९७८ साली प्रॉपोझिशन १३ मंजूर केलं, त्यामुळे घराचं करपात्र मूल्य वर्षाला दोन टक्क्यांहून जास्त वाढत नाही. काका गेली पंचवीसहून जास्त वर्षं त्या मर्यादेच्या सावलीत बसलेत, आणि ती त्यांना कधी अन्याय वाटली नाही.

शेवटी काउंटीतल्या एका मध्यस्थी केंद्रात दीड तास बसून मिटलं. खोली लहान, टेबलावर टिश्यूचा डबा. मध्यस्थ बाई चिनी वंशाच्या. दोन्ही बाजू मधेच मराठीत बोलायला लागल्या की त्या हसून पेन खाली ठेवायच्या. ठरलं ते असं. नवीन एक वर्षाचं लीज. भाडं पाच टक्क्यांनी वाढून ३,७८०. काकांना हवं होतं ते, मालक किंवा त्यांचे कुटुंबीय राहायला आल्यास भाडं संपवण्याचं कलम, नव्या लीजमध्ये घातलं. ते आम्हाला आवडलं नाही, पण अडवणं कठीण होतं. नव्या किंवा नूतनीकरण केलेल्या करारात हे कलम घालणं म्हणजे 'सारख्याच अटी' असं कायदाच म्हणतो, आणि सारख्या अटींचं नूतनीकरण नाकारणं हे भाडेकरूच्या दोषाच्या गठ्ठ्यात मोडतं. सूट सांगणारा परिच्छेद मात्र तिने घालू दिला नाही. काकांनी त्यावर फार ओढून धरलं नाही, बहुधा दमले होते.

म्हणजे आजचं चित्र हे. सिएटलचा मुलगा खरोखरच यायचा म्हणाला, तर वर्ष संपल्यावर ६० दिवसांची बिनचूक नोटीस आणि कायद्याने ठरलेली भरपाई देऊन काका घर घेऊ शकतात. तिला ते माहीत आहे. तिने त्या कलमापुढे आद्याक्षरं करताना पेन जरा जोरात दाबलं, कागदाच्या मागच्या बाजूला उठावलं होतं. मुलीची तिसरी त्याच शाळेत सुरू झाली. सासू-सासरे सहा महिने राहून गेले. गणपतीला काका-काकू आले, काकूंनी मोदकांची पिठी जरा जाड झाली म्हणून सांगितलं.

पुतण्या आणि त्याची बायको आता सांता क्लारात एका नव्याकोऱ्या कॉम्प्लेक्समध्ये राहतात, जिम आणि पोहण्याचा तलाव असलेल्या. आरतीनंतर तो तिच्याजवळ आला आणि स्वतःचं लीज फोनवर उघडून म्हणाला, ताई, तुम्हाला हे कळतं म्हणे, जरा बघा ना. तिने पहिल्यांदा इमारत वापरायला परवानगी कधी मिळाली ते शोधलं. २०१९. राज्याचा कायदा पंधरा वर्षांच्या आतल्या इमारतींना लागत नाही. त्याची इमारत त्यात येईल २०३४ साली, आणि कायद्याची मुदत संपतेय २०३०ला. तिने बोटांवर दोनदा मोजलं आणि त्याला विचारलं, "बारा महिने झाले का तुला?"

"नाही, पाचच."

"मग राहू दे," ती म्हणाली, आणि त्याच्या हातात मोदकाची ताटली दिली.